मधुमेहाच्या शेजारी ठेवलेल्या प्रेमकथा

प्रति,
ग्रंथनिवड समितीचे सर्व माननीय सदस्य,
आमच्या पेठेतले वाचनालय, कोल्हापूर

विषय : भेट दिलेली पुस्तके चुकीच्या कपाटात गेल्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अर्जाला विषय लागतो म्हणून वर लिहिला. सहकारी बँकेच्या काउंटरवर उभी हयात गेली, हात आपोआप तसा वळतो. पुढचं मात्र अर्जासारखं होणार नाही, आधीच सांगून ठेवते. आणि हे खुलं लिहायचं कारण असं की, बंद पाकिटातली माझी दोन पत्रं फाईलला लागली. तिसरं लागू नये.

मी १९७९ पासूनची सभासद. तेव्हा चौदा वर्षांची होते आणि आईच्या कार्डावर फडके न्यायचे. ना. सी. फडके. तुमच्यातल्या दोघांना तरी हे नाव वाचून हसू आलं असेल. बायका असलंच वाचतात, हे मी काउंटरपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही. पण प्रेमकथा वाचणारी बाई म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. समाजसेवा वगैरे काही नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा वाचनालयाला पुस्तकं भेट दिली. एकूण पाच, सगळ्यांत पुरुषाचा पुरुषावर जीव जडलेला. पुण्याची भाची दर दिवाळीला मला पुस्तकं आणते आणि "मावशी, हे वाचून बघ, मग भांडू" म्हणते. तिनंच आणलेली, वाचून झालेली, मी कव्हर घालून ठेवलेली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू'. वसुधेंद्र यांच्या 'मोहनस्वामी' या कन्नड कथासंग्रहाचं इंग्रजी भाषांतर. ॲलिस ओसमनच्या 'हार्टस्टॉपर'चा पहिला भाग. केसी मॅकक्विस्टनचं 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू'. आणि टी. जे. क्लून यांचं 'द हाउस इन द सेरुलियन सी'. तुम्ही पोच दिलीत, आभाराचं पत्रही आलं. दोन महिन्यांनी सहज शोधायला गेले तर कादंबऱ्यांच्या रॅकवर एकही नाही. इंग्रजीच्या रॅकवर नाही. शेवटी शिपाईमामांनी बोट दाखवलं ते कपाट क्रमांक १४ कडे. वर पाटी : आरोग्य व मनोविकार. काचेचं दार, दाराला कुलूप. आत माझी पाचही पुस्तकं ओळीनं, एका बाजूला मधुमेहाचा आहार, दुसऱ्या बाजूला मूळव्याधीवर घरगुती उपाय. पाठीवर लेबल ६१६.८५.

मला हा आकडा तेव्हा कळला नाही. ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या भल्या आहेत, त्यांचा यात दोष नाही, वरून सांगितलं तसं त्यांनी चिकटवलं. ६१६ म्हणजे रोग. त्यातल्या ८५ मध्ये मनाचे रोग येतात. मराठी कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. म्हणजे 'कोबाल्ट ब्लू' ही मराठीत लिहिलेली, २००६ साली छापलेली कादंबरी आपल्याकडे कादंबरीच नाही, तर दुखणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी हे दुखणं आपल्या यादीतून काढून टाकलं. आपल्या कपाटात ते अजून आहे, कुलपात.

समितीच्या बैठकीत काय झालं ते मला कळलं आहे. (आपल्या पेठेत काय लपतं?) "कादंबरीत ठेवली तर पालक येतील भांडायला," असं एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे, पण समस्या म्हणून वाचला पाहिजे." पहिल्यांचं मी सोडून देते. दुसऱ्यांशी मला बोलायचंय, कारण ते चांगल्या मनानं बोलले आणि घोळ तिथंच आहे.

हा वाद आपल्या गावाला नवा नाही. एका बाजूला फडके, राजाराम कॉलेजातले प्राध्यापक, म्हणायचे कला कलेसाठी. दुसऱ्या बाजूला खांडेकर, १९३८ साली शिरोड्याहून इथं आले ते इथलेच झाले, ते म्हणायचे कला जीवनासाठी. अख्ख्या महाराष्ट्रानं ज्या वादावर शाई घालवली त्याचे दोन्ही पैलवान एकाच गावात राहात होते. आपण खांडेकरांच्या बाजूचे. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं, विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, आणि ते असायलाच हवं. फडक्यांचं नाव मात्र आपण गालातल्या गालात घेतो. पण दुपारी भांडी आवरून आडवं झाल्यावर माझ्या आईच्या हातात कोण असायचं? फडके असायचे. टेनिस खेळणारा नायक, मोटार, दोनशे पानं चाललेला गैरसमज आणि शेवटी लग्न. आईला त्यातून कसलाही बोध नको होता. तिला कोणीतरी कोणावर जीव टाकलेला बघायचा होता आणि तो टाकलेला जीव वाया गेला नाही एवढं कळून झोपायचं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांचं प्रेम वेगळ्या वाटेनं जातं त्यांच्यासाठी आपण आजवर फक्त खांडेकर ठेवलेत. त्यांनाही एखादा फडके लागतो.

आपलीच पुस्तकं बघा. आनंद यादवांचं 'नटरंग'. आपल्या कागलचा लेखक. पिळदार अंगाचा गुणा तमाशापायी नाच्या होतो आणि त्याची काय दशा होते, ते वाचून माझा नवरा एक रात्र झोपला नव्हता. राजन गवसांचं 'भंडारभोग', जोगत्याच्या आयुष्यावरचं. ही दोन्ही पुस्तकं आपल्या वाचनालयात कुठं आहेत? कादंबरीच्या रॅकवर, पहिल्या ओळीत, कव्हर फाटेपर्यंत वाचलेली. त्याबद्दल कुणी पालक भांडायला आला नाही. पुरुषानं लुगडं नेसलं आणि त्याची फरफट झाली की ते ग्रामीण साहित्य. पुरुषाला पुरुष आवडला आणि त्यानं त्याच्याबरोबर चहा घेतला की कपाट १४. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधल्या सुमित्राला १९८१ साली रंगमंचावर जागा मिळाली, पण शेवटी तिला जीव द्यावा लागला. मला तर वाटायला लागलंय की दुःख हे या लोकांचं आपल्याकडचं प्रवेशपत्र आहे. ते दाखवलं तरच आत.

आता पुस्तकांबद्दल. तुम्ही ती वाचलेली नाहीत हे मी पैजेवर सांगते, कारण मी घातलेली कव्हरं जशीच्या तशी आहेत.

'कोबाल्ट ब्लू' मी दोनदा वाचली. भाऊ आणि बहीण दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. त्या माणसाला पुस्तकभर नावच नाही. आधी तनय बोलतो, मग अनुजा. पहिल्या वाचनात मला अनुजाचा भाग जास्त आवडला. ती घरातून पळून जाते, परत येते, सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. दुसऱ्यांदा वाचताना घरातलं माणूस नुकतंच गेलेलं होतं. आमचे हे. तेरा दिवस माझ्या दाराशी चपलांचा ढीग होता, शेजारच्या वहिनी पिठलं-भात आणायच्या, जावा रात्री माझ्याजवळ झोपायच्या. मला हुंदका आला की कुणीतरी पाठीवर हात ठेवायचं. मग तनयचं वाचलं आणि अंगावर काटा आला. दोघांचं गेलेलं माणूस एकच, पण रडायची मुभा एकीलाच. दुसऱ्यानं तिच्यासाठी पाणी आणायचं. हे मला कुठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं, आणि हे समजायला तनयसारखं असावं लागत नाही. विधवा असलं तरी पुरतं.

'हार्टस्टॉपर' चित्रांचं आहे. मी आधी नाक मुरडलं. कॉमिक काय वाचायचं या वयात? शाळेतली दोन मुलं वर्गात शेजारी बसतात, एक रग्बी खेळणारा निक, एक चार्ली, ज्याला शाळेत आधीच बराच त्रास झालेला आहे. आणि मग पानंच्या पानं ती एकमेकांना "हाय" म्हणतात. खरंच. मी भाचीला फोन करून म्हणाले, "अगं, यात काही घडतच नाही." ती म्हणाली, "मावशी, घडतंय. तू घाई करतेस." परत बघितलं. दोघं जवळ आले की चौकटीच्या कडेनं छोटी छोटी पानं उडतात. झाडाची. मला अकरावीतला बसस्टॉप आठवला. तिथं पानं उडत नव्हती, पण उडाल्यासारखं वाटायचं खरं.

'रेड, व्हाइट'बद्दल माझी तक्रार आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीणबाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र. आधी हाडवैर, शाही लग्नात ढकलाढकली, भलामोठा केक अंगावर, मग नाइलाजानं मैत्री, मग पुढचं. हा शुद्ध फडके आहे, मोटारीऐवजी विमान एवढाच फरक. मजा आली. पण मंडळी ईमेल फार लिहितात आणि कुणालाही महिनाअखेर येत नाही. शिवाय या नव्या पुस्तकांतली सगळीच तरुण मुलं एवढी समंजस की मला शंका येते. चूक झाली की लगेच नीट शब्दांत माफी. समुपदेशकाकडून शिकून आल्यासारखी बोलतात. प्रेमात माणूस एवढं शहाणं बोलतं होय? आमच्या घरी एक माफी मागायला सतरा दिवस लागले होते, आणि तीसुद्धा "भाजी बरी झालीये" अशी आली.

मनात राहिलं ते 'सेरुलियन सी'. नायक लायनस बेकर, चाळीस वर्षांचा, सरकारी खात्यातला कारकून. गुबगुबीत. पावसात छत्री विसरणारा. नियमांचं जाडजूड पुस्तक बरोबर घेऊन हिंडणारा. त्याला एका बेटावरच्या अनाथालयाची तपासणी करायला पाठवतात, तिथली मुलं अजब, त्यातलं एक तर पंखांचं आणि बटणं जमवणारं. अनाथालयाचा प्रमुख आर्थर. ते दोघं एकमेकांना आवडतात हे वाचकाला त्यांच्या किती तरी आधी कळतं. मी ऑडिटच्या काळात असे साहेब पाहिलेत. पहिल्या दिवशी चहासुद्धा घेत नाहीत आणि चौथ्या दिवशी शिपायाच्या मुलीच्या लग्नाला आहेर करतात. प्रेमकथेला नायक म्हणून ढेरपोट्या कारकून कुणी दिला नव्हता मला आजवर, ना फडक्यांनी, ना आपल्याच गावच्या बाबा कदमांनी. वाचून संपवलं आणि बटणांचा डबा उघडून बसले. का ते विचारू नका.

'मोहनस्वामी'बद्दल थोडंच लिहिते, कारण त्यातल्या काही गोष्टी वाचून मला बोलवेना. पण ते कन्नडमध्ये २०१३ साली आलं हे लक्षात घ्या. निपाणीपलीकडच्या भाषेनं हे केलं. आपल्याला टोलनाका ओलांडायला अर्धा तास लागतो.

आणि मराठीत हे लिहिणं अवघड आहे असं कुणी म्हणालं तर त्याला कोल्हापूर माहीत नाही. भाची म्हणते, इंग्रजीत "मी गेलो" की "मी गेले" हे लपवता येतं, मराठीत क्रियापद चहाडी करतं. मी म्हटलं, पुण्यात करत असेल. आमच्या आईनं जन्मभर "मी येतो", "मी जेवलो" म्हटलं. मीसुद्धा घरी तसंच बोलतो. बँकेत पुण्याच्या मॅनेजरबाई आल्यापासून 'बोलते' झाले, आणि हे पत्रही त्याच वळणानं लिहिते आहे, हात एकदा वळला की वळला. तर विचार करा. रंकाळ्याच्या कठड्यावर दोन जीव बसलेत, भेळेचा कागद मध्ये. एक म्हणतंय, "मी उद्या येतो." दुसरं म्हणतंय, "मग मीबी येतो." कोण बाई, कोण बाप्या, वाचकाला पत्ता नाही आणि गरजही नाही. ही गोष्ट फक्त कोल्हापुरी बोलीतच लिहिता येईल. कुणीतरी लिहा की.

शेवट काय करायचा, हा प्रश्न येईल. फडक्यांच्या शेवटी लग्न असायचं. या लोकांना ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गुन्हेगारीतून सोडवलं, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क दिला नाही. म्हणजे मंगलाष्टकांचा शेवट बाद. माझ्याकडे एक शेवट आहे, काउंटरवरचा. मी नोकरीत असतानाच, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. जॉइंट खात्याच्या फॉर्मवर एक चौकोन असतो, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, आणि एकजण गेला तर मागे राहिलेल्याला कुणाच्या पाया पडायला लागू नये. मी हजारो फॉर्मवर त्या चौकोनात लोकांकडून खूण करून घेतली. नवराबायको खूण करायचे आणि पुढचा कागद मागायचे. त्या चौकोनाचा अर्थ मला स्वतःला कळला तो हे गेल्यावर, त्याच बँकेत, काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिले तेव्हा. दोघीजणी किंवा दोघेजण शाहूपुरीतल्या कुठल्यातरी शाखेत जातात, पंख्याखाली टोकन घेऊन बसतात, आणि त्या चौकोनात खूण करतात. झाली कादंबरी. मी रडेन.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले ती.

तीन आठवड्यांपूर्वी, बुधवारी संध्याकाळी, मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होते. एक मुलगा आला. वय एकोणीस-वीस. काउंटरवर म्हणाला, "चौदा नंबरची किल्ली पाहिजे." ग्रंथपालबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुठलं पुस्तक?" टेबलावरची चार डोकी वर झाली. त्यात त्याच्या गल्लीतलं एक तरी असणार, आपल्याकडे असतंच. तो म्हणाला, "मधुमेहाचं. आजीसाठी." मामांनी कुलूप काढून दिलं आणि तिथंच उभे राहिले. मुलानं मधुमेहाचं पुस्तक काढलं, उघडलं, आणि त्याच्या आत 'हार्टस्टॉपर' धरून वाचायला लागला. उभ्यानं. मामांना चहाला जायचं होतं, ते दोनदा खाकरले. मुलानं भराभर पानं उलटली, एका ठिकाणी थांबला, हसला. मग चित्रांचं पुस्तक जागच्या जागी ठेवलं, पाठ सरळ केली आणि मधुमेहाचं नावावर लिहून घेऊन गेला. पुढच्या बुधवारी परत आला. पुन्हा मधुमेह.

आजीची साखर एव्हाना आटोक्यात आली असेल.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली आपल्या कोल्हापूर संस्थानानं केला, हे तुम्ही प्रत्येक वर्धापनदिनाला भाषणात सांगता. मी दरवर्षी टाळ्या वाजवते. त्या कायद्याच्या गावात एका पोराला प्रेमकथा वाचायला साखरेचा आजार काढावा लागतो.

पालकांची भीती वाटत असेल तर पालकांना माझ्याकडे पाठवा. मी सकाळी अकरानंतर घरीच असतो. चहा देईन, आणि विचारेन की तुमच्या पोरानं चोरून मोबाईलवर काय बघावं असं वाटतं त्यापेक्षा हे बरं की नाही. त्यातले काहीजण माझ्याशी भांडतीलही. भांडू देत. फडके वाचते म्हणून आईला माझ्या आजीनं बोललेलं मी ऐकलंय, त्यापुढे हे काहीच नाही.

मागणी साधी आहे. 'कोबाल्ट ब्लू' मराठी कादंबऱ्यांत क या अक्षरापाशी ठेवा, बाकीची इंग्रजी ललितात. वेगळी पाटी नको, सप्तरंगी तर मुळीच नको. त्या पाटीखाली उभं राहायलाही किल्ली मागण्याएवढंच धाडस लागतं. खांडेकर आणि फडके एका रॅकवर मावतात, तर हीही मावतील.

एक गोष्ट कळवायची राहिली. 'हार्टस्टॉपर' सध्या माझ्याकडे आहे. माझंच दिलेलं पुस्तक माझ्याच कार्डावर काढून आणलं, मधुमेहवाल्या पोराची गैरसोय होतेय हे माहीत असूनही, कारण येत्या बुधवारच्या आत मला ते परत करायचंय. काल रात्री पाठीवरचं ६१६.८५ चं लेबल गरम पाण्याच्या फडक्यानं काढलं. डिंक जाता जात नव्हता, नखानं खरवडावं लागलं, आणि पुठ्ठ्याचा थोडा रंग निघाला. वाचनालयाच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल जो दंड होत असेल तो माझ्या अनामत रकमेतून वळता करून घ्यावा आणि पावती द्यावी.

आपली,
सभासद, १९७९ पासून